‘राई’त भेसळ कुणी केली?

नव्वदच्या दशकात केबल टीव्हीवर अल्जिरियन गायक खालेदचं ‘दीदी’ पाहिलेल्या पिढीला अल्जिरिया बहुतेक तेवढ्यावरूनच माहीत असतो. राई हा तिथला लोकप्रिय गाण्याचा प्रकार, ‘दीदी’ त्यातलंच. त्या गाण्याचा विषय निघाला की हल्ली एक ठरावीक मजकूर हमखास पुढे केला जातो. अरबी संगीत शेकडो वर्षं शुद्ध होतं, खालेदसारख्यांनी त्यात पाश्चात्त्य पॉपची भेसळ केली, सिंथेसायझरवर पाव-स्वर (दोन लगतच्या पट्ट्यांच्या मधले सूर) वाजत नसल्यामुळे मकाम (त्यांचे राग म्हणा) मेले, आणि हे सारं केलं कशासाठी, तर पॅरिसच्या बाजारासाठी. ऐकायला पटतं. तपासायला गेलं की एकेक टाका उसवतो.

आधी शुद्धतेचं बघू. कैरोत 1932 साली अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. युरोपातून बार्टोक, हिंडेमिथ यांच्यासारखी संगीतकार मंडळी आली होती. पियानो अरबी संगीतात चालवून घ्यायचा की नाही, यावर तिथे खडाजंगी झाली. म्हणजे पियानो तेव्हाच घरात शिरलेला होता. व्हायोलिन तर त्याही आधी आलं होतं आणि अरबी वादकांनी त्याच्या तारा आपल्या सोयीने जुळवूनही घेतल्या होत्या. 1964 साली इजिप्तची थोर गायिका उम्म कुलसूमने संगीतकार मोहम्मद अब्देल वहाबची चाल पहिल्यांदा गायली, तेव्हा तिच्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार होती. उम्म कुलसूमपेक्षा अस्सल कुणाला म्हणायचं? आणि आपण तरी काय, फ्रान्समध्ये जन्मलेल्या पेटीवर आख्खं नाट्यसंगीत उभं केलं.

पण खालेद कैरोचा नव्हेच, तो ओरानचा. ओरान हे अल्जिरियातलं बंदर. तिथे स्पॅनिश राज्य होऊन गेलं, मग फ्रेंच आले. अरब, ज्यू आणि स्पॅनिश वंशाचे लोक एकमेकांच्या शेजारी राहत. नोव्हेंबर 1942 मध्ये अमेरिकी सैन्य उतरलं, तेव्हा मॉरिस एल मेदिओनी हा ज्यू मुलगा चौदा वर्षांचा होता. ओरानच्या बारमध्ये सैनिकांकडून त्याने बुगी-वुगी ही पियानोची ठेकेदार शैली उचलली. डाव्या हाताला अमेरिकी ठेका, उजव्या हाताला अंदालुसी (मुस्लीम स्पेनमधून आलेल्या) वळणाची अरबी चाल, अशी त्याची शैली पुढे घडत गेली. त्याच शहरात ब्लाऊई हुआरीसारखे गायक-संगीतकार पियानो, अ‍ॅकॉर्डियन घेऊन वाहरानी, म्हणजे ओरानी, गाणं घडवत होते. पुढे बेलेमू मेसाऊदने राईमध्ये ट्रम्पेट आणला. खालेदचा जन्म 1960 चा. भेसळ म्हणायचीच असेल, तर ती त्याच्या जन्माआधीच सुरू झाली होती.

आता पाव-स्वर. हा मुद्दा जाणकारीचा वाटतो, म्हणून लोक दबतात. ‘रास्त’ मकामात सा स्थिर धरला तर गंधार आणि निषाद हे शुद्ध आणि कोमल यांच्या अधेमधे लागतात. साध्या कीबोर्डवर ते मिळणार नाहीत, इथवर खरं. म्हणून तर खास अरबी बाजारासाठी ‘ओरिएंटल’ कीबोर्ड निघाले. बटण दाबून हवा तो स्वर पाव स्वराने उतरवायचा आणि वाजवायचं. शिवाय सगळ्याच मकामांना पाव-स्वर लागत नाहीत. ‘हिजाझकार’ची स्वरपंगत साधारण आपल्या भैरवाची आहे, ती पेटीवरही निघते.

मजकूर लिहिणाऱ्याचा खरा घोटाळा पुढेच आहे. पाव-स्वरांचा आग्रह मुख्यतः कैरो-दमास्कसकडचा. अल्जिरियाच्या अंदालुसी परंपरेत ते सहसा नसतातच. ओरानच्या गाण्याला कैरोच्या मापाने मोजून ‘मकाम मेला’ म्हणणं म्हणजे वाट्टेल ते आहे.

‘पॅरिसच्या बाजारासाठी’ हा आरोप तर कालक्रमातच बसत नाही. ऐंशीच्या दशकातली सिंथेसायझर-ड्रम मशीनवाली राई कॅसेटवर, लग्नांत आणि नाइटक्लबांत अल्जिरियातच वाढली. गस्बा ही बोरूची बासरी आणि गेल्लाल हा ढोल, यांची जागा त्या यंत्रांनी घेतली, ती ओरानच्या तरुणांना आवडली म्हणून. सरकारी रेडिओ तिला बराच काळ जवळ करत नव्हता. ओरानमध्ये राईचा महोत्सव झाला 1985 मध्ये, पॅरिसजवळच्या बोबिनीतला त्यानंतर, 1986 मध्ये. चेब हस्नीचं उदाहरण घ्या. सिंथेसायझरवर हळवी प्रेमगीतं गाणारा हा गायक पश्चिमेत फारसा कुणाला माहीत नव्हता, अल्जिरियात मात्र घराघरांत होता. देशात यादवी पेटलेली असताना, 29 सप्टेंबर 1994 रोजी, ओरानमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. वय 26. ‘भेसळ’, ‘बिघडवलं’ हे शब्द सहज फेकणाऱ्यांनी त्या काळाची एवढी तरी माहिती करून घ्यावी.

मजकुरात तथ्य आहे ते एवढंच: 1992 चा ‘दीदी’वाला अल्बम घडवण्यात डॉन वॉज या अमेरिकी निर्मात्याचा मोठा हात होता, आणि 1996 चं ‘आयशा’ जाँ-जाक गोल्डमन या फ्रेंच गीतकाराचं. ‘आयशा’ मला गुळमुळीत वाटतं. पण ती आवडीनिवडीची बाब झाली, परंपरेच्या खुनाची नव्हे.

तक्रारच करायची तर चेखा रिमितीची करा. गस्बा-गेल्लालवर गाणारी ही बाई राईची आजी. नव्या पोरांनी तिची गाणी उचलली आणि तिला श्रेय दिलं नाही, असं तिचं म्हणणं होतं. तो राग रास्त होता. गिटारवर मात्र तिचा राग नसावा. सत्तरी उलटल्यावर, 1994 मध्ये, तिने रॉबर्ट फ्रिप आणि फ्ली या रॉकवाल्यांच्या साथीने आख्खा अल्बम केला.