पिसं झडल्यावर टर्की मालकाला विसरते म्हणे!

पावसाळा ओसरू लागला की हौसेनं पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक मजकूर दरवर्षी नव्यानं उगवतो. त्याचा मतलब असा: टर्कीची जुनी पिसं झडून नवी आली की तिचा नवा जन्म होतो आणि ती मालकाला विसरते. नर गप्प झाला तर त्याची रग कायमची गेली समजा, पुढे अंगावर येऊ लागला तर डोक्यात उष्णता चढली समजा. उपाय म्हणून तिला मांडीवर घेऊन खूप कुरवाळा, अर्धवट पिसं उपटून टाका, ताक आणि कांदा चारा, अंडी बंद केलेली मादी विका आणि पक्षी एकलकोंडा झाला तर कोंबड्यांत सोडून द्या.

हा मजकूर पसरतो, कारण त्यातलं निरीक्षण खरं आहे. पिसगळीच्या आसपास टर्कीचं वागणं बदलतं, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. कारणं मात्र सगळी मनाची आहेत आणि उपायांपैकी दोन तर थेट जीवावर बेतणारे आहेत.

विसरण्यापासून सुरुवात करू. काल हातातून दाणे खाणारी टर्की आज हात पुढे केला की मागे सरकते, म्हणून माणसाला वाटतं ओळख गेली. अशा वेळी तिच्या पंखाजवळ किंवा मानेच्या मुळाशी नीट बघा. कातडीतून निळसर-काळपट खुंट वर आलेले दिसतील. हे वाढीला लागलेलं पीस. त्याच्याभोवती मेणकापडासारखं पातळ वेष्टण असतं आणि आत रक्तपुरवठा चालू असतो. पिसाच्या मुळाशी कातडीत मज्जातंतू असतात, त्यामुळे असा खुंट दाबला गेला की दुखतं. शेकडो खुंट अंगभर असलेला पक्षी पाठीवरून हात फिरवू देत नाही, यात नवल ते काय? खुंट पिकले की वेष्टण पांढऱ्या कोंड्यासारखं गळतं, पीस उलगडतं आणि पक्षी पुन्हा जवळ येऊ लागतो. याच कारणानं ‘मांडीवर घेऊन कुरवाळा’ हा सल्लाही बाद. त्या दिवसांत लळा टिकवायचा तर जवळ जाऊन बसा, आवाज द्या, दाणे जमिनीवर टाका. उचलू नका.

शिवाय टर्कीची ओळख पिसांवर फारशी अवलंबून नसते. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात शाइन आणि हेल या दोघांनी टर्कीच्या नरांपुढे पेंढा भरलेली मादी ठेवली आणि तिचे एकेक अवयव काढत गेले. पंख काढले, पाय काढले, शेपटी काढली. शेवटी काठीवर नुसतं डोकं उरलं, तरी नर त्याच्यापुढे पिसारा फुलवून नाचत राहिले. टर्कीचं सगळं लक्ष समोरच्याच्या डोक्याकडे असतं, आणि पिसगळीत तिचंही डोकं बदलत नाही, तुमचंही नाही.

आता गप्प झालेला नर. पिसगळ आणि विणीचा हंगाम ही एकाच वेळापत्रकाची दोन पानं आहेत. दिवस लहान होऊ लागले की नराच्या शरीरातली लैंगिक संप्रेरकं उतरतात आणि त्याच काळात नवी पिसं घडवायचं काम सुरू होतं. ओरडणं, पिसारा फुलवून मिरवणं, दुसऱ्या नराशी भिडणं हे सगळं त्या संप्रेरकांच्या जोरावर चालतं, त्यामुळे तेही ओसरतं. हंगाम संपल्याची खूण त्याच्या जुन्या पंखांवरही असते. मिरवताना तो पंखांची टोकं जमिनीवर घासत चालतो, म्हणून ती झिजून कुंचल्यासारखी झालेली असतात, आणि शेजारी नवं पीस अखंड कडेचं, तुकतुकीत.

अमेरिकेतल्या पुस्तकातलं वेळापत्रक मात्र इथे जसंच्या तसं लावू नका. आपल्याकडे दिवसाच्या लांबीतला फरक थोडा. मुंबईत जूनमधला दिवस १३ तासांहून जरासा मोठा आणि डिसेंबरमधला साधारण ११ तासांचा. उत्तरेकडच्या देशांइतका ठळक इशारा पक्ष्याला मिळत नाही, म्हणून पिसगळ पुढेमागे होते, रेंगाळते. त्यात खुराड्यावर रात्रभर दिवा जळत असेल तर विचारायलाच नको. आणि भलत्याच वेळी एकदम पिसं झडली, तर आधी आठवा की मधे पाणी संपलं होतं का, जागा बदलली का, रात्री कुत्रं आलं होतं का. अशा धक्क्यानंही पिसं झडतात.

डोक्याचा लाल रंग फिका पडला म्हणजे रक्त कमी झालं, हे त्याच मजकुराचं शेपूट. टर्कीच्या उघड्या कातडीचा रंग तिथल्या रक्तवाहिन्या फुगण्या-आकसण्यावर ठरतो, म्हणून तो मिनिटामिनिटाला बदलतो. १६१२ साली आपला सरदार मुकर्रब खान यानं गोव्याहून नेलेले दुर्मिळ प्राणी-पक्षी पाहून मुघल बादशहा जहांगीरनं त्यांतल्या एका पक्ष्याचं, म्हणजे टर्कीचंच, वर्णन लिहून ठेवलं आहे: माजावर आला की डोकं-मान लाल, थोड्या वेळानं कापसासारखी पांढरी, कधी फिरोजी, जणू सरडाच. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरच्या नावानं ओळखलं जाणारं त्या पक्ष्याचं चित्रही आहे. बादशहाला चारशे वर्षांपूर्वी जे दिसलं ते पाहून आपण आज टॉनिकची बाटली आणायला धावतो!

खरा आजार ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. पिसगळ साधारण दोन्ही बाजूंना सारखी होते आणि उघड्या जागी खुंट दिसतात. एकाच बाजूला टक्कल, मोडलेले दांडे, ओरखडे किंवा गुदद्वाराभोवती बारीक हलणारे ठिपके दिसले तर टोचाटोची किंवा माइट (रक्त पिणारे बारीक किडे) नाहीतर उवा. तांबडा माइट दिवसा फळ्यांच्या फटीत लपतो, म्हणून रात्री बॅटरी घेऊन बघावं लागतं. खाणं सोडलं, पंख पाडून एका जागी बसली, श्वासाला घरघर आली, डोक्यावर देवीचे फोड आले, तर ते पिसगळीच्या खात्यावर टाकू नका. पशुवैद्याला दाखवा.

‘उष्णता चढते’ हे मला सगळ्यात खटकतं, कारण त्यात माणसाची जबाबदारी गायब होते. दिवस मोठे होऊ लागले की नराची संप्रेरकं पुन्हा चढतात. मग तो कोणावर मिरवणार आणि कोणाशी भांडणार, हे बरंचसं त्याच्या लहानपणी ठरलेलं असतं. एकटं पिल्लू माणसांत वाढवलं तर माणूसच त्याला आपल्या जातीचा वाटतो, आणि हा ठसा सहजी पुसत नाही. मोठेपणी तो घरातल्या एकाला जोडीदार समजतो आणि दुसऱ्याला प्रतिस्पर्धी. बायकोपुढे पिसारा आणि नवऱ्याच्या पिंढरीला चोच, असं घडतं ते यामुळे. त्याचा पिसाराही वाचायला शिका. फुललेला, संथ, छातीतून घुमणारा नर बहुतेक वेळा नुसता मिरवत असतो. पिसं एकदम अंगाशी मिटली, मान लांब झाली, घशातून खरखर निघाली आणि तो तिरका चालू लागला, की सावध. तेव्हा पळू नका, लाथ तर नकोच. हातात रुंद फळी किंवा टोपली धरून शांतपणे त्याच्याकडे चालत राहा. लहान मुलांना मात्र त्या दिवसांत त्याच्या आवारात सोडू नका. पिल्लं आणताना एकाऐवजी तीन-चार आणणं, हा यावरचा खरा उपाय.

पिसं उपटण्याबद्दल एवढंच: वाढतं पीस उपटलं किंवा मोडलं तर रक्त येतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या टर्की तिथेच टोचायला लागतात. असं झालंच तर स्वच्छ कापडानं दाबून धरा, कॉर्नफ्लोअर लावा आणि रक्त थांबेपर्यंत पक्षी वेगळा ठेवा. पूर्ण जुनं पीस आपोआप पडतं, त्याला मदत लागत नाही.

ताकानं पक्ष्याला पातळ हगवण लागू शकते, कारण दुधातली साखर पक्ष्यांना नीट पचत नाही. कांदा नकोच. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचं, त्यातही गंधकयुक्त अमिनो आम्लांचं. म्हणून नुसत्या मका-बाजरीवर असलेल्या टर्कीची नवी पिसं रखडतात. त्या काळात १८ ते २० टक्के प्रथिनांचं तयार खाद्य द्या, वर थोडी सोयाबीन पेंड. सुकट द्यायची तर बिनमिठाची, कारण जास्त मीठ पक्ष्यांना विषासारखं बाधतं.

मादीनं अंडी थांबवली म्हणून विकणाऱ्यांना काय सांगावं? अंड्यालाही प्रथिनं लागतात आणि पिसालाही. शरीर एक काम थांबवून दुसरं करतं. पिसं भरली आणि दिवस वाढले की ती पुन्हा अंड्यावर येते. खुडूक बसली असेल तर तो प्रश्नच वेगळा.

राहिला तो सगळ्यात घातक सल्ला, कोंबड्यांत सोडण्याचा. कोंबड्यांच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून ब्लॅकहेड रोगाचा परजीवी मातीत उतरतो आणि तिथे दीर्घकाळ टिकतो. गांडुळांतूनही तो पोटात जातो, आणि पावसाळ्यात गांडुळं म्हणजे टर्कीची मेजवानी. कोंबडीला बहुधा काही होत नाही. टर्कीचं यकृत मात्र सडतं, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि काही दिवसांत पक्षी जातो. अमेरिकेत यावरचं नायटारसोन हे औषध २०१५च्या अखेरीला बंद झालं, तेव्हापासून तिथेही मान्यताप्राप्त औषध नाही. टर्कीला सोबत द्यायची तर टर्कीचीच द्या, तीही पिसगळ संपल्यावर. आधी आठवडाभर मधे जाळी ठेवा, मग खाण्या-पाण्याची भांडी दोन ठिकाणी मांडून एकत्र सोडा.