दूर्वा वाहा की, पण गवताला 'पहिली वनस्पती' म्हणू नका

गणपती जवळ आले की आमच्या फॅमिली ग्रुपवर ती पोस्ट येतेच. यंदा काकांनी टाकली, त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेली होती, म्हणजे चांगलीच फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: गवत ही पृथ्वीवर उगवलेली सगळ्यात पहिली आणि सगळ्यात साधी वनस्पती, म्हणून दूर्वांचा मान; डायनासोर गवतावरच पोसले; गवताला फूल येत नाही; कापलं तरी मरत नाही कारण मूळ अमर असतं; आणि ऊस, बांबूला गवत म्हणणं ही पाश्चात्त्यांची गल्लत. दूर्वा वाहण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीपण एकवीस मोजून वाहतो. बाकीचं मात्र एकेक करून बघू.

"पहिली वनस्पती". अहो उलट आहे, गवत हा पंगत उठत आल्यावर आलेला पाहुणा. जमिनीवर वनस्पती आल्या त्याला साधारण 47 कोटी वर्षं झाली, आधी मॉससारखं बारीकसारीक, मग नेचे, मग सायकस आणि सूचिपर्णी, आणि फुलं येणाऱ्या वनस्पतींचे पक्के जीवाश्म सापडतात ते 13 कोटी वर्षांच्या आसपासचे. त्यांच्यातल्या एकदल शाखेतून पुढे गवतं निघाली, 10 कोटी वर्षांच्या आगेमागे. आणि साधी कसली, आज गवताच्या जवळपास साडेअकरा हजार जाती आहेत. नातेवाईकही बघण्यासारखे: पाणकणीस, लव्हाळा, कासच्या पठारावरचे पांढरे गेंद, आणि चक्क अननस, हे सगळे गवताच्याच गणातले, म्हणजे जवळच्या कुळांच्या एकाच मोठ्या गटातले.

आता डायनासोर. इथे गंमत झाली. काकांना दुरुस्त करायला एक भाचा धावला, "डायनासोरच्या काळात गवतच नव्हतं, आम्हाला असंच शिकवलंय". तोही चुकला! त्याचा दोष नाही, 2005 पर्यंत बहुतेक पुस्तकांत तेच असायचं. मग त्या वर्षी 'सायन्स' मासिकात एक पेपर आला आणि त्यातला पुरावा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला होता, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचा. तिथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले तर आत गवताचे फायटोलिथ निघाले. फायटोलिथ म्हणजे वनस्पतीच्या पेशीत साठलेले सिलिकाचे सूक्ष्म कण, आणि गवतात त्यांचे आकार इतके ठरावीक असतात की मूळ पान कुजून गेलं तरी त्यावरून गवताचा गट ओळखता येतो. उभं पातं बोटातून उलटं ओढलं की चर्रकन कापतं ना, त्यामागेही हीच सिलिका आहे. तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या शेणात किमान पाच प्रकारची गवतं होती, आणि पुढे 2011 मध्ये त्याच टीमने त्यात भाताच्या कुळीचीही असल्याचं दाखवलं.

पण म्हणून काका जिंकले असं नाही. त्याच गोळ्यांत सूचिपर्णी, सायकस, ताड यांचेही अवशेष आहेत. गवत तोंडी लावण्यापुरतं होतं, "गवतावर पोसले" हे काही खरं नाही. क्षितिजापर्यंत गवतच गवत असली कुरणं फार नंतरची, डायनासोर संपून कोट्यवधी वर्षं झाल्यावरची.

"फूल येत नाही" हे वाचून मात्र मला खरंच वाईट वाटलं, कारण ज्यांनी फॉरवर्ड केलं त्यातल्या निम्म्यांचं गावाकडे भाताचं शेत आहे. भात निसवला की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बांधावर जाऊन लोंबी डोळ्यांजवळ धरा. हिरव्या तुसाची दोन टरफलं उघडलेली दिसतील आणि आतून सहा पिवळट परागकोश बारीक दोऱ्यांवर लोंबत असतील. तेच फूल! पाकळ्यांच्या जागी तळाशी दोन चिमुकले फुगे उरलेत, ते पाणी पिऊन फुगतात आणि तूस ढकलून उघडतात, तासाभरात परत मिटतं. पराग वाऱ्यावर जाणार, मग मधमाशीसाठी रंग-वास-मध हवाय कुणाला? गवताने तो खर्चच काढून टाकला, म्हणून ते साधं दिसतं. मक्याच्या कणसाचे केस सोलून फेकता तेही फुलाचेच भाग, एक केस म्हणजे एक दाणा, ज्या केसाला पराग मिळाला नाही तिथे कणसात खड्डा. आणि दूर्वा? आपण कोवळे तुरे खुडतो म्हणून फूल दिसत नाही, लॉनचा कोपरा काही आठवडे न कापता सोडा, बोटं पसरल्यासारखी चार-पाच कणसं वर येतात.

मूळ वगैरे अमर नसतं. बहुतेक झाडांची वाढ शेंड्याला, गवताची पात्याच्या बुडाशी आणि जमिनीलगतच्या पेरात, त्यामुळे गाईने वरचं खाल्लं तरी कारखाना शाबूत. हरळीचं, म्हणजे दूर्वांचंच, तर प्रत्येक पेर फुटतं, कुळव मारून तुकडे केले की अजून पसरते, शेतकऱ्याला विचारा.

राहिला ऊस आणि बांबू. कोइमतूरला उसाच्या फुलांचा संकर थेट रानटी गवताशी केला होता, त्यातून निघालेलं को 205 हे वाण 1918 मध्ये लागवडीला आलं. फूल नसतं तर क्रॉस कशाचा, आणि ऊस गवत नसता तर गवताशी जमला असता का? कोल्हापूर-सांगलीकडे उसाला 'तुरा आला' म्हणतात तो फुलोराच. बांबूचं म्हणाल तर पोकळ कांडं आणि पेरं बघा, ते गवतच आहे. गल्लत झाली होती ती आपल्याच कायद्याची: 1927 च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता, 2017 मध्ये दुरुस्ती करून त्याला त्या व्याख्येतून काढलं, तेव्हा कुठे जंगलाबाहेर स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून विकायची कटकट कमी झाली.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचा रिप्लाय आला, "अननस पण?" हो काका, अननस पण.