मोहिनीचं वय बारा-तेरा

'भारतीय सिनेमातली पहिली अभिनेत्री कोण?' हा प्रश्न आला की निम्मे लोक देविका राणी म्हणून मोकळे होतात. एखादा जाणकार 'कमलाबाई गोखले' म्हणतो आणि लगेच जोडतो, 'म्हणजे आपल्या विक्रम गोखल्यांची आजी.' टाळ्या पडतात, पुढचा प्रश्न येतो. माझंही कमलाबाईंबद्दलचं ज्ञान बरीच वर्षं एवढंच होतं, त्यामुळे आधी स्वतःलाच टपली मारतो.

माझं भांडण त्या 'पहिली' शब्दाशी आहे. एकदा 'पहिली' म्हटलं की बाई भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत जाते. मग तिने नेमकं काय केलं, हे विचारायची गरजच उरत नाही.

मुळात त्या दोघी होत्या. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासूर' केला, त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. आईचं नाव आपण सहज गाळतो. खरं तर या गोष्टीतला सगळ्यात अवघड निर्णय तिचाच होता. 1903 च्या सुमारास नवऱ्यापासून वेगळं होऊन, लहान मुलीला घेऊन ही बाई नाटक कंपनीत शिरली. तेव्हा 'घरंदाज' बाई बोर्डावर उभी राहत नसे. नामांकित कंपन्यांत स्त्रीपार्ट पुरुषच करत आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नसे. आज आपण त्याला 'धाडस' वगैरे म्हणतो. मला वाटतं, दुर्गाबाईंपुढे रोजच्या जेवणाचा प्रश्न जास्त मोठा असेल. कमला चौथ्या वर्षापासून रंगमंचावर आली ती याच घरातून, म्हणजे कंपनीच्या बिऱ्हाडातून.

फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळता मिळेना. त्यांनी जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं, तिथूनही नकार आला. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. याच साळुंक्यांनी 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. (बायका मिळत नव्हत्या म्हणून मुलाखतीत हळहळणारे आपण, त्या बायकांना 'हो' म्हटल्यावर काय ऐकावं लागलं असतं ते मात्र सोयीने विसरतो.)

आता ते मोहिनीचं काम जरा जवळून बघा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म होईल, असा वर भस्मासुराला मिळालेला. मोहिनी नाचते, तो तिची नक्कल करतो, ती जसे हात फिरवेल तसे फिरवतो, आणि ती हळूच स्वतःच्या डोक्यावर हात नेते. सगळी कथा या एका हालचालीवर तोललेली. त्या काळी चित्रीकरण उघड्या उन्हात चाले. दागिने, जड वस्त्रं, चेहऱ्यावर रंग, समोर खरखरणारा कॅमेरा. आणि असुराला भुलवणाऱ्या या सुंदरीचं वय होतं बारा-तेरा. त्याबद्दल तेव्हा कुणाला काही वाटलं नसेल, पण आज मला तिथे थोडं थबकायला होतं.

आणखी एक गंमत, किंवा थट्टा म्हणा. ही मुलगी संगीत नाटकाच्या दुनियेतली. तिथे नटाचं भांडवल म्हणजे गळा, पद रंगलं तर 'वन्स मोअर'. आणि सिनेमा होता मुका! म्हणजे तिच्या अर्ध्या कमाईला पडद्यावर किंमतच नव्हती. उरला चेहरा आणि हात. आणि तो चेहराही आज आपल्याला बघायला मिळत नाही. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग शिल्लक आहे, त्यामुळे पुरुषाने केलेली तारामती आपण मोबाइलवर केव्हाही बघू शकतो. बाईने केलेल्या मोहिनीचा सिनेमा हरवला.

म्हणून मला वाटतं, कमलाबाईंना सिनेमाच्या रांगेतून काढून एकदा नाटकाच्या विंगेत उभं करून बघायला हवं. पुढे त्यांनी बरेच चित्रपट केले हे खरं, अगदी 1980 च्या 'गहराई'पर्यंत. पण संसार चालला तो मुख्यतः नाटकावर. नट असलेले पती रघुनाथराव गेले तेव्हा कमलाबाई पंचविशीत होत्या. तीन मुलगे वाढवायचे होते. सावरकरांच्या 'उःशाप'मध्ये त्यांनी काम केलं. आणि जिथे पुरुष बायका होत होते, त्याच रंगभूमीवर त्यांनी पुरुषपार्टही केले! मुलांपैकी चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले. 'विक्रम गोखल्यांची आजी' ही ओळख चुकीची नाही, फक्त उलटी आहे. त्या घरात अभिनय आला तो या बाईच्या बाजूनेही, आणि तिच्याकडे तो आला तिच्या आईकडून.

रीना मोहन यांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला. त्यात वृद्ध कमलाबाई जुन्या नाटकांतले संवाद म्हणून दाखवतात. मोहिनीला पडद्यावर नाकारलेला आवाज निदान तिथे तरी सापडतो. मिळाला तर जरूर बघा.

आणि एक विनंती. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबांकडून कमलाबाईंच्या नाटकाबद्दल काही ऐकलं असेल, विशेषतः त्यांच्या पुरुषपार्टाबद्दल, तर खाली लिहा. जुना कागद, हँडबिल, काहीही चालेल.