पिंजरा लहान ठेवल्याने इग्वाना लहान राहत नाही

‘हिरवा इग्वाना पिंजऱ्याच्या मापानेच वाढतो, पिंजरा लहान ठेवला की तोही आटोपशीर राहतो,’ असे विदेशी प्राणी पाळणाऱ्यांमध्ये सर्रास सांगितले जाते. हे खरे नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांतला हा शाकाहारी सरडा अंड्यातून निघतो तेव्हा जेमतेम वीतभर असतो आणि पूर्ण वाढल्यावर शेपटीसह दीड मीटरच्या आसपास जातो.

कोंदट पिंजऱ्यात त्याची वाढ खुंटते ती उपासमारीने आणि आजाराने. पाने पचवणाऱ्या आतड्यातील जिवाणूंना ऊब लागते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचू शकले नाही, तर भरपूर खाऊनही अन्न अंगी लागत नाही. अतिनील किरण न मिळाल्यास ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. अशा प्राण्याचा सुजलेला जबडा व जाड झालेल्या मांड्या पाहून त्याने बाळसे धरले असे समजणारे मालकही आहेत, हे दुर्दैव.

सोबत्यांचा परिणामही दुर्लक्षिला जातो. एकत्र ठेवलेल्या पिल्लांपैकी दांडगे पिल्लू उबेची जागा व खाद्य बळकावते आणि त्यासाठी दर वेळी चावण्याचीही गरज नसते. मान झटकून गळ्याखालची झालर ताणली, की दबलेले पिल्लू दिव्याखालून सरकते. त्यामुळे एकाच घरट्यातल्या पिल्लांच्या आकारात मोठी तफावत पडते, आणि त्यांतले खुरटलेले पिल्लू ‘बुटक्या जातीचे’ मुळीच नसते.