‘अमेरिका तरी कुठे घेते?’ : एचआयव्ही आणि व्हिसाबद्दलचा एक फॉरवर्ड

सोसायटीच्या, शाळेच्या आणि गावच्या, अशा तिन्ही ग्रुपांवर एकच मेसेज येऊन पडला तेव्हा म्हटलं, आता उत्तर द्यायलाच हवं. मेसेजचं सार असं: एचआयव्ही असलेल्या माणसाला अमेरिका दारातूनच परत पाठवते, आखाती देशही तेच करतात, म्हणून तिथे रोग आटोक्यात आहे. आपणच भोळे. विमानतळावर येणाऱ्या प्रत्येकाचं रक्त तपासा.

आधी अमेरिका. बंदी होती, हे खरं. १९८७ साली आली आणि १९९३ साली तिथल्या संसदेने ती थेट कायद्यात घातली. बुश यांच्या काळात, २००८ मध्ये, ती कायद्यातून निघाली, ओबामांच्या काळात नियमांतून निघाली आणि ४ जानेवारी २०१० पासून संपली. म्हणजे मेसेज लिहिणारा दीड दशक मागे आहे. बंदीने काय साधलं तेही बघा. १९८९ मध्ये हान्स पॉल व्हेरहूफ नावाचा डच माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या एका एड्सविषयक परिषदेला निघाला होता. मिनेसोटातल्या विमानतळावर त्याच्या सामानात एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाच्या गोळ्या सापडल्या आणि एड्सबद्दल बोलायला निघालेला माणूस काही दिवस तुरुंगात बसला. पुढे १९९२ ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद बोस्टनहून ॲमस्टरडॅमला हलवावी लागली. ती अमेरिकेत परतली ती थेट २०१२ साली. विषाणू मात्र बंदीच्या आधीपासूनच घरात मुक्कामाला होता. त्याला व्हिसा लागत नव्हता.

‘तपासणी केली की कळतंच.’ नाही कळत. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि नेमक्या याच दिवसांत रक्तातला विषाणू भरमसाट असतो. म्हणजे चाळणीतून निसटणार तो सर्वात जास्त संसर्ग देऊ शकणारा, आणि अडकणार तो वर्षानुवर्षं रोज गोळी घेणारा, ज्याच्याकडून बहुधा काहीच धोका नाही.

‘बहुधा’ हा शब्दही मी उगाच जपून वापरतोय. उपचाराने रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला असेल तर लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासांत, एकालाच एचआयव्ही असलेल्या अशा जोडप्यांमध्ये निरोधाशिवाय हजारो वेळा संबंध आले, आणि त्या जोडीदाराकडून झालेली लागण एकही सापडली नाही. शेजारच्या सीटवर बसून, एकाच ताटात जेवून, खोकल्यातून एचआयव्ही पसरत नाही, हे २०व्या शतकातच ठरलंय. त्यावर आणखी शाई घालवत नाही.

‘परदेशी रुग्णांचा खर्च आपण का उचलायचा?’ हा मुद्दा मात्र निव्वळ थापेबाजी नाही. ऑस्ट्रेलिया आजही कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्याच्या औषधपाण्याचा अंदाजी खर्च मोजते. पण तो हिशेब इतर आजारांनाही लागतो, आणि तिथे आठवडाभर फिरायला जाणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता आखात. इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग आपल्याच लोकांना भोवतो. रत्नागिरीचा पोरगा सौदीला किंवा दुबईला निघाला की आधी मुंबईत मेडिकल. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर कागदावर एकच शब्द: अनफिट. एजंटाला दिलेले पैसे गेले, गावात काय सांगायचं ते वेगळंच. तिथे पोचल्यावर राहण्याच्या परवान्यासाठी पुन्हा रक्त काढतात. तेव्हा पॉझिटिव्ह आला तर परतीचं तिकीट. त्या भीतीने माणूस तिथल्या दवाखान्याची पायरी चढत नाही, गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडतो, साठा संपला की डोस बुडवतो. डोस बुडाला की विषाणू परत वर. आणि गंमत म्हणजे दुबईला खरेदीला जाणाऱ्या पर्यटकाचं रक्त कोणी काढत नाही. विषाणूला कामगार आणि पर्यटक यांतला फरक कळतो, अशी तिथल्या सरकारची समजूत दिसते.

शेवटची मागणी: आपणही तेच करा. आपण हे करून बसलोय हो! १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा रक्तदान करून आला, पॉझिटिव्ह निघाला, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला म्हापशातल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबलं. बाहेर पोलीस पहाऱ्याला. आईला न्यायालयात जावं लागलं. आज २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो.

ग्रुपमधल्या कुणाच्या भावाच्या, पुतण्याच्या हातात तो ‘अनफिट’चा कागद आला असेल, तर त्याला हा मेसेज नका पाठवू. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पुन्हा तपासणी होते, एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात औषध फुकट मिळतं, आणि १०९७ या हेल्पलाइनला फोन लावायला पैसे पडत नाहीत.