१४५३ च्या आधीची छपन्न वर्षं कुठे गेली?

भाची राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करते. परवा रात्री अकराला तिचा मेसेज आला: ‘मावशी, हे नोट्समध्ये घालू का?’ खाली तो फॉरवर्ड. गेल्या महिन्याभरात तो मला तिसऱ्यांदा आला. आधीच्या दोन्ही वेळा मी सोडून दिलं, पण आता ही पोरगी तो पाठ करणार आणि उत्तरपत्रिकेत उतरवणार, म्हणून लिहायला बसले.

फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: हजार वर्षं युरोप अंधारात होता. २९ मे १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल (बायझंटाईन साम्राज्याची राजधानी, आजचं इस्तंबूल) जिंकलं, ग्रंथालयं जाळली. ग्रीक विद्वान उरलेल्या पोथ्या घेऊन इटलीत पळाले आणि तिथे प्रबोधन (रेनेसाँ) सुरू झालं. तुर्कांनी व्यापारी मार्ग बंद केले म्हणून समुद्रमार्ग शोधले गेले. प्रबोधन पाहता पाहता युरोपभर पसरलं. एका पराभवाने जग बदललं!

यातली तारीख तेवढी पूर्ण बरोबर आहे.

आधी मुख्य मुद्दा. १३९७ साली मॅन्युएल क्रिसोलोरस नावाचा ग्रीक विद्वान फ्लॉरेन्समध्ये शिकवायला आला. तो पळून आला नव्हता. फ्लॉरेन्सच्या सरकारने पगार ठरवून त्याला बोलावून घेतलं होतं आणि त्यासाठी खटपट केली ती शहराचा चॅन्सलर, म्हणजे सरकारी पत्रव्यवहाराचा प्रमुख, कोलुच्चो सालुताती याने. कॉन्स्टँटिनोपल पडायला तेव्हा छपन्न वर्षं बाकी होती. त्याच्या वर्गात लिओनार्दो ब्रुनी हा कायद्याचा विद्यार्थी होता. म्हातारपणी त्याने स्वतःची त्या वेळची घालमेल लिहून ठेवली आहे. कायदा सोडावा की ग्रीक सोडावं? शेवटी त्याने मनाशी हिशेब केला, तो असा: कायद्याचे शिक्षक पुष्कळ आहेत, तो केव्हाही शिकता येईल, ग्रीक शिकवणारा मात्र हा एकटाच, तो गेला तर पुन्हा कोण मिळणार? सातशे वर्षं इटलीत कुणाला ग्रीक येत नव्हतं, असंही तो म्हणतो. (दक्षिण इटलीतले ग्रीक मठ तो सोयीने विसरतो.) मग तो असा झपाटला, की दिवसा शिकलेलं रात्री झोपेतही घोकत असे. पुढे याच माणसाने प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल लॅटिनमध्ये आणले, आणि १४४४ मध्ये तो वारलाही. ज्या घटनेने हे सगळं सुरू झालं म्हणतात, ती घडायला अजून नऊ वर्षं होती!

ब्रुनीची ही एक साक्ष मला पुरेशी वाटते. तरी कुणाला आणखी हवं असेल तर वास्तुकार ब्रुनेलेस्कीकडे बघा. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट १४२० ते १४३६ या काळात उभा राहिला. रुंदी चाळीस मीटरच्या वर, आणि खालून लाकडी कमानीचा आधार न देता, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या विटा रचत तो चढवला. ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये गेला. चित्रात खोली आणणारा चित्रकार मसाच्चो गेला १४२८ मध्येच. चित्रकार जोत्तोने पादुआच्या चॅपेलच्या भिंती रंगवल्या त्या १३०५ च्या सुमारास. यातल्या कुठल्या कामासाठी हे लोक बोस्फोरसवरून, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या सामुद्रधुनीतून, येणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबले होते?

जुन्या विद्येची ही भूक आली कुठून, ते फॉरवर्ड विचारतच नाही. लोकर आणि सावकारीवर गबर झालेली, एकमेकांशी सतत भांडणारी ही इटलीतली शहरं होती. करार, तह, निषेधाचे खलिते, सगळं लॅटिनमध्ये लिहावं लागे आणि लिहिणारे होते नोटरी. चांगलं लॅटिन ही तिथे राजकारणाची गरज होती. सालुतातीचं एक पत्र हजार घोडेस्वारांपेक्षा जास्त नुकसान करतं, असं फ्लॉरेन्सचा शत्रू, मिलानचा ड्यूक म्हणाल्याचं सांगतात. असं लिहायचं तर प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो वाचायला हवा. कवी पेत्रार्कला १३४५ मध्ये व्हेरोनात सिसेरोच्या पत्रांचं बाड सापडलं, ते याच धडपडीत.

आणि १४५३ मध्ये इटलीतल्या लोकांना स्वतःला काय वाटलं? एनिया सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी, पुढे पोप झालेला मोठा विद्वान, त्याने बातमी कळताच जुलैमध्ये पोपला लिहिलं की हा होमरचा दुसरा मृत्यू आहे, प्लेटोचाही दुसरा अंत आहे. ज्याला आपण सुरुवात म्हणून पाठ करतोय, त्याला त्या काळचा माणूस झरा आटला म्हणून रडत होता. इटालियन लोक तोवर अर्धं शतक कॉन्स्टँटिनोपलला जाऊन पोथ्या आणत होते. एकटा जोव्हान्नी औरिस्पा १४२३ मध्ये २३८ ग्रीक पोथ्या घेऊन परतला होता.

आता ‘ग्रंथालयं जाळली’. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण फॉरवर्ड पुढे ढकलला जातो तो याच वाक्यासाठी. १४५३ मध्ये लूट झाली, पोथ्या फाटल्या, मातीमोल विकल्या गेल्या, हे नाकारत नाही. पण त्या शहराची सगळ्यात भयंकर लूट झाली ती १२०४ मध्ये, आणि ती केली चौथ्या धर्मयुद्धाला निघालेल्या पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती सैन्याने. आधीच्या वर्षापासून आगी लागत होत्या, शहराचे मोठे भाग जळाले. नाणी पाडायला प्राचीन कांस्यपुतळे वितळवले. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चचे प्रसिद्ध चार कांस्य घोडे त्याच लुटीतले. दुसरीकडे, शहर जिंकणारा एकवीस वर्षांचा सुलतान मेहमद स्वतः ग्रीक पोथ्या जमवत होता, टॉलेमी या प्राचीन ग्रीक विद्वानाच्या भूगोलाचं अरबी भाषांतर त्याने करून घेतलं, आणि १४७९ मध्ये व्हेनिसहून जेंतिले बेल्लिनी हा चित्रकार बोलावून आपलं व्यक्तिचित्र काढून घेतलं. हे एवढं सगळं एका ओळीसाठी पुसून टाकायचं?

‘हजार वर्षांचा अंधार’ यावर फार वेळ घालवत नाही. जुन्या पोथ्या शोधत फिरणाऱ्या पोज्जो या इटालियन विद्वानाला १४१६ मध्ये सेंट गालच्या मठात क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाचा पूर्ण ग्रंथ सापडला. तो तिथे होता, कारण त्याच अंधारातल्या कुणा साधूने तो नकलून ठेवला होता. टॉलेमीचं खगोलशास्त्र स्पेनमधल्या टोलेडोत ११७५ मध्येच अरबीतून लॅटिनमध्ये आलं होतं.

व्यापारी मार्गांचंही तसंच. पोर्तुगीज आफ्रिकेच्या किनाऱ्याने समुद्रात उतरले ते १४५३ च्या आधीच: उत्तर आफ्रिकेतलं सेउटा बंदर घेतलं १४१५ मध्ये, पश्चिम आफ्रिकेचं केप बोजादोर हे टोक ओलांडलं १४३४ मध्ये. व्हेनिसने १४५४ मध्येच मेहमदशी तह करून व्यापार चालू ठेवला. आणि मलबारची मिरी मुख्यतः जायची अलेक्झांड्रियावरून. तिथे १५१७ पर्यंत राज्य होतं इजिप्तच्या ममलुक सुलतानांचं, कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या तुर्की सुलतानाचं नव्हेच.

‘पाहता पाहता पसरलं’ म्हणतात, त्याला दोन पिढ्या गेल्या. छापखाना जर्मन कारागिरांनी १४६५ च्या सुमारास इटलीत, सुबियाकोच्या मठात आणला, तेव्हा कुठे पुस्तकं स्वस्त व्हायला लागली. जर्मन चित्रकार ड्यूररला इटली पाहायला दोनदा आल्प्स ओलांडावा लागला. डच विद्वान इरॅस्मसने काढलेला ग्रीक नवा करार (बायबलचा उत्तरभाग) बाझलला छापला गेला तो १५१६ मध्ये.

आता फॉरवर्डमधलं अर्धसत्य. निर्वासित खरोखर आले. ग्रीक विद्वान आर्गिरोपुलोस १४५६ पासून फ्लॉरेन्समध्ये शिकवू लागला, आणि क्रेटवरून आलेल्या ग्रीकांशिवाय व्हेनिसमधल्या आल्डसच्या छापखान्याचं पान हललं नसतं. ग्रीक कार्डिनल बेसारिऑन १४५३ आधीच इटलीत आलेला होता. शहर पडल्यावर त्याने सापडेल ती ग्रीक पोथी मिळवायची मोहीमच काढली, आणि १४६८ मध्ये सातशेच्या वर पोथ्या व्हेनिसला देऊन टाकल्या. हे शहर म्हणजे जणू दुसरं बायझँटियम, असं त्याने दानपत्रासोबत लिहिलं. भाचीला मी हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मग पोथ्यांमुळेच झालं की!’ तेव्हा तिला पुढचं सांगितलं. व्हेनिसने त्या पोथ्या डोजच्या, म्हणजे आपल्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यात नेल्या आणि बरीच वर्षं पेट्यांमध्येच बंद ठेवल्या. त्यांच्यासाठी ग्रंथालयाची इमारत बांधायला घेतली १५३७ मध्ये.