स्टेल्व्हिओ राहू द्या, खालच्या दरीत या

आल्प्समध्ये सायकल चालवायला येणाऱ्या मराठी मंडळींनी स्टेल्व्हिओ घाटाचा नाद जरा कमी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. घाट वाईट आहे असं नाही. कार्लो दोनेगानी नावाच्या अभियंत्याने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी 1820 ते 1825 या काळात तो बांधला आणि आजही तो बघून माणूस थक्क होतो. प्राड गावाच्या बाजूने 48 हेअरपिन वळणं, माथा 2757 मीटरवर, पायथ्यापासून जवळपास 1800 मीटरची चढाई. पायांत दम असेल त्यांनी जरूर जावं. पण उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी कोपराला घासून जाणारे मोटारसायकलींचे ताफे, पाठीमागे गुरगुरत थांबलेली एखादी स्पोर्ट्स कार आणि माथ्यावरची जत्रा, यांबद्दल फोटोखाली कोणी अवाक्षर लिहीत नाही. वर्षातून एक दिवस तो घाट गाड्यांना बंद ठेवून फक्त सायकलवाल्यांना देतात. बाकीच्या दिवसांची कल्पना त्यावरूनच करा.

आणि गंमत म्हणजे त्याच घाटाच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर एक सायकलमार्ग जातो, ज्यावर मोटार जवळजवळ भेटतच नाही. स्टेल्व्हिओचा फोटो काढून परतणारे तो ओलांडून जातात आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

मी बोलतोय दक्षिण टायरॉलमधल्या विन्शगाऊ दरीबद्दल. इटलीच्या उत्तर टोकाचा हा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता. बोलणं आजही मुख्यतः जर्मनमध्ये चालतं, पाट्या दोन्ही भाषांत असतात. वर रेशेन खिंड, उंची साधारण दीड हजार मीटर; खाली मेरान शहर, सव्वातीनशे मीटरवर. मध्ये सुमारे 80 किलोमीटर. खिंडीजवळ उगम पावणारी अदिजे नदी दरी धरून खाली येते आणि सायकलमार्गही बहुतेक तिच्या सोबतीने उतरतो. रोमन लोकांचा क्लाउडिया ऑगस्टा हा मार्गही याच दरीतून जात होता. सम्राट क्लॉडियसच्या काळातला त्याचा एक मैलाचा दगड खालच्या राबलांड गावात सापडला. खिंड ओलांडायची सोपी वाट तेव्हाही हीच होती, म्हणून मोठ्या सामानासह टूरिंग करणाऱ्यांना आजही इथूनच आल्प्स पार करणं परवडतं.

वरच्या टोकाला रेशेनचं तळं आहे, पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा असलेलं. हा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. तो बघून लोक ‘किती सुंदर’ म्हणतात; खरं तर ती एका बुडवलेल्या गावाची खूण आहे. 1950 मध्ये वीजनिर्मितीच्या धरणासाठी ग्राउन हे अख्खं गाव आणि रेशेनचा बराच भाग पाण्याखाली गेला, 163 घरं पाडली गेली. मनोरा चौदाव्या शतकातला, म्हणून तेवढा ठेवला. कोयनेच्या किंवा उजनीच्या काठचा माणूस तो मनोरा बघून सेल्फी काढेलच असं नाही. मोटाररस्ता पूर्व काठाने जातो आणि पार्किंग, बस, गर्दी सगळं तिकडेच. सायकलमार्ग पश्चिम काठाने जातो, त्यामुळे मनोरा पाण्यापलीकडे छोटा दिसतो. मला तो तसाच जास्त पटला.

आता मुख्य मुद्दा. हा मार्ग कोणी कोटी कोटी खर्चून सायकलवाल्यांसाठी नवाकोरा आखलाय असं समजू नका. बराचसा भाग म्हणजे शेतरस्ते आहेत. आपल्याकडच्या पाणंदीसारखेच, फक्त डांबर घातलेले आणि तोंडाशी ‘शेतीची वाहनं सोडून बंद’ अशी पाटी लावलेले. कुठे नदीचा बांध, कुठे गावातली गल्ली, कुठे मधला तुटलेला दुवा जोडणारा नवा तुकडा किंवा लाकडी पूल. ट्रॅक्टर भेटतो, पण ट्रॅक्टरवाला तुमच्यावर खेकसत नाही, कारण रस्ता दोघांचा आहे हे दोघांनाही माहीत असतं. सफरचंद काढणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पेट्या रचलेले ट्रॅक्टर एकामागून एक येतात. तेव्हा आपण बाजूला उभं राहायचं. तो त्यांच्या पोटापाण्याचा हंगाम असतो आणि आपण सुट्टीवर असतो.

पण नुसत्या रस्त्याने काही झालं नसतं. खरी करामत रेल्वेची आहे. मेरान ते माल्स ही लाइन 1906 मध्ये सुरू झाली. पुढे ती खिंडीपलीकडे ऑस्ट्रियातल्या लांडेकपर्यंत न्यायची होती, ते कधी जमलंच नाही. 1990 मध्ये तोट्याचं कारण देऊन ती बंद पडली. अशा वेळी आपण काय धरून चालतो? रूळ गंजणार, स्टेशनात बाभळी उगवणार. तिथल्या प्रांतिक सरकारने लाइन ताब्यात घेऊन दुरुस्त केली आणि मे 2005 मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. स्टेशनांवर भाड्याच्या सायकली आल्या. वर माल्सला घ्यायची, खाली दुसऱ्या स्टेशनावर सोडून द्यायची. म्हणजे चढ गाडीने, उतार सायकलने. ‘ही काय सायकलिंग झाली?’ असं म्हणणारे पुणेरी ब्रेव्हेवीर (ठरलेल्या वेळेत शेकडो किलोमीटर सायकल हाणणारे) मला ठाऊक आहेत. त्यांना नमस्कार.

माझे आईबाबा इकडे म्युनिकला आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. बाबांनी खडकीच्या कारखान्यात जायला कितीतरी वर्षं सायकलच वापरली. मग पुण्याची वाहतूक अशी वाढत गेली की आईने शपथ घातली आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. इथे माल्सला त्यांच्यासाठी इ-बाइक घेतली. पहिली दहा-पंधरा मिनिटं ते सारखे मान वळवून मागे बघत होते. नंतर ते बंद झालं. ग्लुर्न्सच्या वेशीपाशी थांबलो तेव्हा म्हणाले, “अरे, मागून काही येतच नाही की!” आई सायकलवर बसणार नव्हतीच. ती गाडीने पुढच्या स्टेशनावर जाऊन बसायची, आम्ही पोहोचलो की पिशवीतून धपाटे निघायचे आणि मग ती पुढची गाडी पकडायची. तीन माणसं, तीन प्रकारची ताकद, आणि संध्याकाळी तिघांकडेही सांगायला दिवसभराचं काहीतरी होतं. स्टेल्व्हिओवर हे जमलं नसतं. तिथे एक जण घाम गाळतो आणि बाकीचे माथ्यावर थंडीत कुडकुडत वाट बघतात.

ग्लुर्न्सचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. जेमतेम हजारभर वस्तीचं हे गाव चारही बाजूंनी तटबंदीत आहे आणि तट शाबूत आहे. सायकलमार्ग थेट वेशीतून आत जातो. तिथल्या बेकरीत राय धान्याच्या पिठाचे चपटे, जोडीने चिकटलेले पाव मिळतात. तोडून वास घ्या: आपल्या मेथीच्याच कुळातली एक वनस्पती त्यात घालतात. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, “हे तर आपलंच काहीतरी आहे.” पुढे लास गाव लागतं, पांढऱ्या संगमरवराचं. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कबरींवरचे हजारो क्रूस या गावच्या दगडातून घडले. आणखी खाली नाटुर्न्सच्या अलीकडे कड्यावर युव्हालचा किल्ला दिसतो. तो राइनहोल्ड मेसनरचा, ज्याने 1978 मध्ये पेटर हाबेलरबरोबर ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट गाठलं. खालून बघून पुढे निघालो. वर चढायचं कोणाच्याच मनात नव्हतं.

आता थोडं कडू. ही दरी आल्प्समधल्या सगळ्यात कोरड्या दऱ्यांपैकी एक. पूर्वी डोंगरातून काढलेल्या पाटांनी शेतं भिजायची, त्यातले काही पाट अजून वाहतात. आज दरीच्या तळाशी जिकडेतिकडे सफरचंद: तारांवर चढवलेल्या ठेंगण्या झाडांच्या सरळ रांगा, किलोमीटरच्या किलोमीटर. फोटोत छान दिसतं. पण एकच पीक म्हटलं की फवारणी आली. माल्सच्या लोकांनी 2014 मध्ये गावात सार्वमत घेतलं आणि सुमारे तीन चतुर्थांश मतं रासायनिक कीटकनाशकांच्या विरोधात पडली. पुढे ते प्रकरण कोर्टकचेऱ्यांत अडकलं आणि गावाचा नियम टिकला नाही. ‘निसर्गाच्या कुशीत सायकलिंग’ असल्या जाहिराती वाचताना एवढं लक्षात असू द्या. वसंतात फवारणीचा ट्रॅक्टर दिसला तर मी पेडल जोरात मारतो, सुगंध घेत बसत नाही.

दुसरी तक्रार गर्दीची. गाड्या नाहीत म्हणून मार्ग शांत, हे जुलै-ऑगस्टमध्ये विसरा. इ-बाइकची मोटर ताशी 25 किलोमीटरनंतर साथ सोडते, पण उतारावर त्या वजनाला मोटर लागतच नाही. लहान मुलं, कुत्री, दोघांनी चालवायच्या टँडेम सायकलवरचे आजी-आजोबा आणि त्यातून शर्यत लावल्यासारखे सुटलेले जर्सीवाले. मोटारवाल्यांना शिव्या देणारेच सायकलवर बसून अगदी मोटारवाल्यांसारखे वागतात, हे मी तिथे नीट पाहिलं. घंटी वाजवा, हळू व्हा. एवढं कठीण नाहीये ते.

मेरानपासून बोझेन आणि तिथून खाली त्रेंतो, व्हेरोनापर्यंत नदीच्या बांधावरून मार्ग चालूच राहतो. सपाट, सरळ, अंतर भराभर कापलं जातं. पण बोझेनच्या खाली ब्रेनरचा मोटारमार्ग दरीत सोबतीला असतो आणि ट्रकांचा आवाज पाठ सोडत नाही. रस्ता वाहनमुक्त, कान मात्र नाहीत. वेळ थोडा असेल तर हा भाग खुशाल रेल्वेने उरका.

त्याऐवजी पूर्वेला जा. टोब्लाखहून ऑस्ट्रियातल्या लिएन्झपर्यंत ड्राव्हा नदीच्या काठाने साधारण 45 किलोमीटरचा मार्ग आहे, जवळजवळ सगळा उताराचा. टोब्लाखच्या माळावर पाणलोट दुभंगतो: एका बाजूचं पाणी एड्रियाटिकला, दुसऱ्या बाजूचं काळ्या समुद्राला. तिथूनच दक्षिणेला कोर्तिनाकडे जुन्या डोलोमाइट रेल्वेच्या मार्गावरून जाता येतं. ती अरुंद रुळांची गाडी 1964 मध्ये बंद झाली, पण तिची मार्गरेषा सायकलला मिळाली. रेल्वेच्या मार्गाचा एक मोठा फायदा: इंजिनाला खडा चढ चढवत नाही, म्हणून तो आपल्यालाही कधी खडा लागत नाही. चाकाच्या दोन्ही बाजूंना सामानाने भरलेल्या पिशव्या (पॅनिअर) लावून ते मला चांगलंच जाणवलं. ब्रेनर खिंडीखालीही असंच आहे. रेल्वे बोगद्यात गेली आणि जुन्या मार्गावरून आज सायकली जातात.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. मे अखेर ते जून किंवा सप्टेंबर हे बरे दिवस. दुपारनंतर दरीत वारा उठतो, म्हणून सकाळी लवकर निघा. पाणी विकत घेऊ नका. गावोगावी प्यायच्या पाण्याची कारंजी असतात. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचा प्रवास पास मिळतो का ते विचारा, त्यावर गाड्या-बस फुकट असतात. सायकलचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं. गाडीत सायकलींना जागा मोजकीच, त्यामुळे स्वतःची सायकल नेणार असाल तर गर्दीच्या वेळा टाळा. रेल्वे दुरुस्तीच्या कामासाठी काही टप्पा बंद आहे का, तेही निघण्याआधी बघून घ्या. टोएलच्या धरणाखाली मेरानकडे उतरताना मार्ग अचानक नागमोडी आणि उभा होतो, म्हणून भाड्याची सायकल ताब्यात घेतानाच दोन्ही ब्रेक दाबून बघा.

कमेंटमध्ये ‘आपल्याकडे हे कधी होणार’ यावर भांडू नका, प्लीज. त्याऐवजी कोणाच्या घरी जिन्याखाली सायकल पडली असेल आणि ती चालवणारं माणूस धडधाकट असेल, तर सांगा. पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा जातोय आणि बाबांना सोबत हवी आहे. माझा वेग त्यांना आता कमी वाटतो म्हणे.